निळ्या बशीचा नियम

आयव्हर गॅरडच्या स्वयंपाकघरात, नळाशेजारच्या खिडकीत, दोन बश्या असत. एक पांढरी, एक निळी. शेतात धातू शोधणाऱ्या डिटेक्टरला जे काही लागेल ते घरी आलं की या दोहोंपैकी एकीत जायचं. बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, पितळी बटणं, खोगिराच्या कड्या पांढऱ्या बशीत. ते सगळं त्याची बायको बेरिल भांड्यांची पावडर आणि तारेची घासणी घेऊन लख्ख करायची. निळ्या बशीत चांदी आणि सोनं. त्याला हात लावायचा नाही, पाणीसुद्धा दाखवायचं नाही. एकतीस वर्षांत बेरिलनं हा नियम एकदाही मोडला नव्हता. निळ्या बशीखाली धूळ साचली तरी ती बशी उचलायची नाही, भोवतीनं पुसायची.

सोनं त्या बशीनं एकदाही पाहिलं नाही, हेही सांगून टाकतो. चांदी यायची ती कुठल्या तरी राजाराणीची झिजलेली, अर्धी तुटलेली. इंग्लंडातल्या सफोकच्या त्या चिकणमातीतून बहुतेक वेळा बाटल्यांची बुचं आणि ट्रॅक्टरचे खिळेच निघत.

आयव्हर हा मूळचा बीटाच्या साखर कारखान्यातला माणूस. चव्वेचाळिसाव्या वर्षी कारखान्यानं नवी यंत्रं आणली आणि त्याला घरी पाठवलं. तो सहा महिने खुर्चीत बसून राहिला. बेरिल तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तिनं आपल्या पगारातून एक जुना डिटेक्टर आणला आणि त्याच्या मांडीवर टाकला.

"बघून बघून भिंतीला भोकं पाडशील," ती म्हणाली. "त्यापेक्षा जा, जमिनीला पाड."

तेव्हापासून तो शेजारच्या ऑल्डसच्या शेतात जाऊ लागला. म्हाताऱ्या ऑल्डसशी त्यानं फाटकात हात मिळवला होता: जे निघेल त्यात निम्मं तुझं, निम्मं माझं. कागद नाही, सही नाही. म्हातारा गेला, मुलगा जाइल्स आला, तरी शब्द तोच राहिला. वाटून घ्यावं असं काही निघालंच नाही ही गोष्ट वेगळी.

गावच्या सभागृहात दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी या जमिनी चाळणाऱ्यांचं मंडळ जमे. तिथं आयव्हरचा दरारा होता. नव्या माणसाला तो पहिला धडा एकच द्यायचा: नाणं घासायचं नाही. "हजार वर्षांची काजळी चढलेली असते त्याच्यावर. तोच त्याचा जन्मदाखला. घासलास की मी बोटं तोडीन." एकदा स्पॉल नावाच्या प्लंबरनं सापडलेली चांदीची पेनी आनंदाच्या भरात पँटला पुसली. आयव्हरनं सगळ्यांसमोर त्याचं असं काही वस्त्रहरण केलं की तो माणूस दोन वर्षं मंडळात फिरकला नाही. आयव्हरला त्याचं कधी वाईटही वाटलं नाही. करड्या शिस्तीची माणसं अशीच असतात, दुसऱ्याची चूक त्यांना फार स्वच्छ दिसते.

बेरिलचं विसरणं सुरू झालं त्याला आता चार वर्षं झाली होती. आधी शेजाऱ्यांची नावं गेली. मग शेगडीवर किटली जळाली. मग ती चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या आईला जेवायला थांबायचं म्हणू लागली. पण निळ्या बशीला तिनं हात लावला नाही. नवऱ्याचं नाव कधी आठवे, कधी नाही, बश्यांचा नियम मात्र शाबूत होता. आयव्हरला त्याचं अप्रूप वाटे आणि त्या नियमावर त्याचा भरवसाही होता. म्हणून डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या तेव्हा त्यानं दिवसभराच्या गोळ्या निळ्या बशीत ठेवायला सुरुवात केली. म्हणजे तो देईल तेव्हाच ती घेणार, आपण होऊन दोनदा घेणार नाही. युक्ती नामी होती आणि अख्खा उन्हाळा चालली.

सप्टेंबरात कौन्सिलची बाई येऊन सगळं लिहून गेली. बेरिलला आता घरी ठेवता येणार नाही, हे तिनं गोड आवाजात सांगितलं. चर्चच्या मागं, गल्लीच्या टोकाला एक वृद्धाश्रम होता, आयव्हरच्या दारातून चालत चार मिनिटं. पण तिथला खर्च कौन्सिल देतं त्या दरापेक्षा जास्त, वरची रक्कम घरच्यांनी भरायची. नाहीतर समुद्रकाठी चौतीस मैलांवर दुसरा होता, तिथं काही भरावं लागत नव्हतं. आयव्हरनं डोळ्यांपायी गाडी चालवणं सोडलं होतं.

"ती चौतीस मैलांवर गेली तर आठवड्यात मला विसरेल," तो म्हणाला.

"ख्रिसमसपर्यंत वेळ आहे, मिस्टर गॅरड," ती बाई म्हणाली. "बघा काही जमतंय का."

आणि जमलं. ऑक्टोबरातल्या एका सकाळी, बीट काढलेल्या पट्ट्यात, ओढ्याच्या बाजूला डिटेक्टर बारीक, गोड आवाजात बोलला. वीतभर खाली मातीच्या ढेकळात एक काळपट चकती उभी रुतली होती. आयव्हर गुडघ्यांवर बसला. अर्ध्यावर चिखल होता, उरलेल्या अर्ध्यात एक ओबडधोबड चेहरा आणि तीन अक्षरं. त्यानं फोन काढून तसाच चिखलासकट फोटो घेतला आणि ब्रायनी पास्कला पाठवला. ही जिल्ह्यातल्या सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारी मुलगी. चौदा वर्षं ती आयव्हरच्या वस्तू तपासत होती. मग नाणं ढेकळासकट डबीत घालून तो घरी आला. हातात काठी होती म्हणून, नाहीतर धावत आला असता.

खिडकीशी आला तर निळ्या बशीत गोळ्या. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतला फोन वाजला. त्यानं डबी उघडली, ढेकूळ पांढऱ्या बशीत ठेवलं, दोनच मिनिटं, आणि फोन घ्यायला गेला.

"मिस्टर गॅरड, बसलाय का तुम्ही?" ब्रायनी घाईघाईनं म्हणाली. "आधी बसा. ही तीन अक्षरं बरोबर असतील तर हा राजा आपल्याला फक्त नाण्यांवरूनच माहीत आहे. आणि ती नाणी आहेत दोन. तुमचं तिसरं."

"चेष्टा करू नकोस गं म्हाताऱ्याची."

"मी कधी केलीये? मागचं एक लिलावात वीस हजारांना गेलं. पौंड. ऐकताय ना?"

वीस हजार. निम्मे जाइल्सचे, निम्मे आपले. दहा हजारांत चर्चमागच्या आश्रमाची वरची रक्कम दोन वर्षं, काटकसर केली तर अडीच वर्षं निघत होती. बेरिलला त्याहून जास्त लागणार नव्हतं, हे डॉक्टर न बोलता बोलला होता. आयव्हरच्या डोळ्यांना पाणी आलं. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बेरिल कप विसळत असेल. बरं वाटलं त्याला, आज तिचा दिवस चांगला होता.

"हात लावू नका त्याला," ब्रायनी सांगत होती. "धुऊ नका, पुसू नका. खरं की खोटं ते त्या काजळीवरूनच ठरणार आहे."

"मला शिकवतेस?" आयव्हर हसला. "मला?"

तो आणखी पाच मिनिटं बोलला. दोनदा आकडा विचारून घेतला. आत नळ चालूच होता.

तो स्वयंपाकघरात आला तेव्हा बेरिल टॉवेलला हात पुसत होती. पांढऱ्या बशीत नाणं चकचकत होतं, दुकानातल्या नव्या चमच्यासारखं. कडेचा एक तुकडा मोडून शेजारी पडला होता. चेहऱ्याच्या जागी एक गुळगुळीत उंचवटा होता. तारेच्या घासणीचे बारीक ओरखडे त्यावर गोल गोल फिरले होते.

"हे फारच मळकं होतं, आयव्हर," ती म्हणाली. त्या महिन्यात पहिल्यांदाच तिला त्याचं नाव आठवलं होतं. "पण मी काढलं बघ."

तिनं काही चुकवलं नव्हतं. नियम पांढऱ्या बशीचा होता आणि तो तिनं तंतोतंत पाळला होता. निळ्या बशीत गोळ्या जशाच्या तशा होत्या. देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात. इथं देवाचं देणं आणि कर्माचं नेणं यांत दहा मिनिटंही गेली नाहीत.

"छान काढलंस," आयव्हर म्हणाला. त्यानं नळ नीट बंद केला आणि तिथंच ओट्याला धरून उभा राहिला.

ब्रायनी दुसऱ्या दिवशी आली. तिनं नाणं भिंगाखाली धरलं. मग तिनं वजन केलं, कडा पाहिली, फोटोतली अक्षरं मोजपट्टीनं ताडली. सगळं जुळत होतं. पण जत्रांमधून विकल्या जाणाऱ्या या नाण्याच्या बनावट नकलाही जुळतात, हे दोघांनाही माहीत होतं. फरक दाखवणारी काजळी मोरीतून वाहून गेली होती.

"हे फॉर्मवर लिहावं लागतं," ती हळूच म्हणाली. "सापडल्यानंतर कुणी घासलं?"

"मी."

ब्रायनीनं मान वर केली. बेरिल खिडकीशी बसून टॉवेलाच्या घड्या घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. ब्रायनीनं तिच्याकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

"मिस्टर गॅरड, सातशे तेरा वस्तू नोंदवल्यात मी तुमच्या. एकावर ओरखडा नाही."

"या एकावर आहे. लिही. आयव्हर गॅरड, पावडर आणि तारेची घासणी. हा कागद कायमचा राहतो ना?"

"राहतो."

"मग तिचं नाव नको त्याच्यावर."

तिनं लिहिलं.

नाणं शहरातल्या मोठ्या तज्ज्ञाकडे गेलं. पाच आठवड्यांनी दीड पानाचं पत्र आलं, फार सभ्य भाषेतलं. नाणं खरं असणं शक्य आहे. खरं असल्याचं प्रमाणपत्र मात्र देता येत नाही. मूळ पृष्ठभाग उरलेला नसल्यानं निर्णय देणं उचित होणार नाही. लिलाववाल्यांनी प्रमाणपत्राशिवाय दारात उभं केलं नाही. एकानं घासलेल्या चांदीचे म्हणून नव्वद पौंड देऊ केले. आयव्हर ते पत्र घेऊन जाइल्स ऑल्डसकडे गेला आणि निम्मं नुकसान त्याचंही झालं म्हणून माफी मागू लागला.

"ठेव तुझं नाणं तुलाच," जाइल्स म्हणाला. "माझ्या बापानं तुझ्याशी हात मिळवला तो काय पैशासाठी? पण आयव्हर, तू? तू घासलंस?"

"म्हातारचळ," आयव्हर म्हणाला.

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी तो मंडळात गेला. न जाता चाललं असतं, पण तो गेला. नाणं त्यानं टेबलावर ठेवलं आणि काय झालं ते, म्हणजे फॉर्मवर होतं ते, सांगितलं. आधी कुणाचा विश्वास बसेना. मग मागच्या रांगेतून स्पॉल प्लंबर उभा राहिला. एवढी वर्षं वाट पाहिली होती बिचाऱ्यानं.

"काय रे गॅरड! पँटला पुसलंस की काय?"

खसखस पिकली.

"नाही. पावडरीनं."

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि स्वतः कोरडे पाषाण! बोटं तोडतो म्हणाला होतास ना मला? आणू का कुऱ्हाड?"

आयव्हर पुढं झाला. त्यानं उजवा पंजा टेबलावर, नाण्याशेजारी, बोटं पसरून ठेवला आणि तसाच राहू दिला. हसणं थांबलं. स्पॉल खाली बसला आणि आपल्या टोपीकडे बघू लागला. कुणीतरी चहाचं विचारलं, कुणालाच नको होता.

ख्रिसमस झाला आणि बेरिल चौतीस मैलांवर गेली. दर गुरुवारी आयव्हर दोन बस बदलून तिच्याकडे जायचा. पहिल्याच खेपेला तो तिच्यासाठी म्हणून एका पिशवीत पांढरी बशी, ते नाणं, पावडरीची डबी आणि जुनी घासणी घेऊन गेला. तिथल्या नर्सनं भुवया उंचावल्या, पण अडवलं नाही. त्यानं बशी तिच्यासमोर ठेवली. बेरिलनं त्याला ओळखलं नाही. बशी ओळखली. बाह्या सरसावून ती घासायला लागली.

"अजून आहे बघ तिथं," तो म्हणे. "कडेला."

ती मान हलवून कडेला घासे. जन्मभर ज्या माणसानं कुणाला चांदीवर बोट फिरवू दिलं नाही, तो समोर बसून बायकोला राजा घासून द्यायला सांगत होता. जानेवारीत पहिलं अक्षर गेलं. फेब्रुवारीत बाकीची दोन गेली. मार्चपर्यंत त्याची नुसती एक पातळ पत्र्याची चकती उरली होती. नाणं जगातलं तिसरं होतं की जत्रेतलं, आता परमेश्वरालाही सांगता आलं नसतं. आयव्हरला त्याचं काही वाटत नव्हतं. दर गुरुवारी वीस मिनिटं ती त्याची बेरिल असायची.

एप्रिलच्या दुसऱ्या गुरुवारी त्यानं नेहमीसारखी बशी ठेवली, नाणं ठेवलं, घासणी तिच्या हाताशी सरकवली. बेरिल बशीकडे बघत राहिली. बाह्या सरसावल्या नाहीत. मग तिनं आपल्या हातातलं अर्धं खाल्लेलं बिस्किट उचललं, नीट नेम धरून नाण्यावर ठेवलं आणि या अनोळखी माणसाचं काय म्हणणं आहे म्हणून त्याच्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे," आयव्हर म्हणाला. "बिस्किटासाठीच असते बशी."

तो तिच्यासमोर बसूनच राहिला आणि चारची बस चुकली. त्यानं पुढची घेतली.