नऊ सांगितली तर नऊच

आधीच सांगून टाकते, अशा कॉलममधले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आले. कुणाच्या तरी काकांना घाटात दिसलेली बाई, कुणाच्या तरी रूमवर आपोआप हललेली खुर्ची... नवऱ्याला वाचून दाखवायचं, दोघांनी हसायचं, झोपायचं. मी बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे मी अजूनही सगळ्यांना सांगत असते. बाबा बार्शीच्या मार्केट यार्डात हमाल होते, आई एका होस्टेलच्या स्वयंपाकघरात. आईच्या पासपोर्टवर सहीच्या जागी अंगठा आहे.

आईबद्दल एक गोष्ट इथेच लिहिते, कारण पुढे लागेल. ती अडाणी आहे, अंधश्रद्धाळू नाही. बाबांना कावीळ झाली तेव्हा शेजारच्यांनी आणलेल्या देवऋष्याला तिने दारातूनच वाटेला लावलं होतं. "जेवायचं असंल तर बस. अंगारा नको." आणि बाबांना रिक्षात घालून सरळ सरकारी दवाखान्यात.

सध्या मी अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या नेपरव्हिलला असते. एका इन्शुरन्स कंपनीत डेटा क्वालिटीचं काम करते. म्हणजे ढिगाने नोंदी बघायच्या आणि त्यातली चुकीची कुठली ते शोधायचं. सवयच लागलीये, कुठलाही आकडा दिसला की आधी संशय.

आमच्या शेजारी रूथ राहायची. वय शहाऐंशी, रिटायर्ड शिक्षिका, लोकांनी पाठवलेल्या ख्रिसमस कार्डातल्या स्पेलिंगच्या चुकाही लाल पेनने काढणारी. मागच्या वर्षी तिने घर विकायला काढलं, ओरेगनला मुलाकडे कायमचं जायचं ठरलं. त्याआधी तिला एकच काम उरकायचं होतं. तिच्या पणजीच्या, हॅनाच्या कबरीवरचा दगड पार झिजून गेला होता. तिथे नवा दगड बसवायचा, त्यावर हॅना, तिचा नवरा आणि सगळ्या मुलांची नावं. रूथचे डोळे अधू, स्क्रीनवरचं वाचवत नाही. "ऐश, तू डेटाची माणूस ना? मग ये," म्हणाली. (अश्विनीचं ऐश तिनेच केलं.)

मी गेले, आणि अडकले. जुन्या सेन्ससची, म्हणजे जनगणनेची, पानं आता ऑनलाइन स्कॅन करून ठेवलेली आहेत, शाईने लिहिलेली. घराघरात जाऊन कुणीतरी विचारलंय, लिहिलंय. नाव, वय, कुठे जन्म, लिहिता येतं का, वाचता येतं का. त्या पानांतून हॅना हळूहळू वर यायला लागली. आठ वर्षांची असताना ओहायोहून आई-बापाच्या बैलगाडीमागे चालत इलिनॉयला आलेली, ही रूथच्या घरात चालत आलेली गोष्ट. तेव्हा इथे पुरुषभर उंच गवत आणि दलदल. लग्न झालं, पोरं झाली, नवरा गेला. आणि १९०० च्या सेन्ससमध्ये कुटुंबप्रमुख म्हणून तिचंच नाव, व्यवसायाच्या रकान्यात 'शेतकरी'. शेतकऱ्याची बायको नाही हं... शेतकरी. पुढचे रकाने : वाचता येतं? नाही. लिहिता येतं? नाही.

तो 'नाही' बघून मी मान वर करून आईकडे बघितलं. आई तेव्हा माझ्याकडे आलेली होती, सहा महिन्यांसाठी. रूथच्या टेबलाशी बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होती. तिला इंग्लिश येत नाही, रूथला मराठी येत नाही, तरी दोघींचं रोज दुपारी जमायचं. आई तिला 'रुतबाई' म्हणायची.

त्याच पानावर आणखी दोन रकाने होते. 'किती मुलांची आई' आणि 'त्यातली हयात किती'. हॅनासमोर लिहिलं होतं नऊ आणि सहा.

पण आमच्याकडे नावं आठच! १८७० चं पान आणि १८८० चं पान, दोन्ही मिळून सात. आठवा नंतर जन्मलेला, तो १९०० मध्ये तिच्याचजवळ राहत होता. नववं कुणीच नाही. मी आठवडाभर शोधलं. चर्चच्या नोंदी नाहीत, घरातलं बायबल कधीच हरवलेलं. शेवटी मी कामावर जे करते तेच केलं. रूथला म्हटलं, "एंट्रीची चूक असणार. आठचे नऊ झाले. लिहिता-वाचता न येणारी बाई, सांगताना गोंधळ झाला असेल. आठ धरू या."

रूथने चष्मा काढला. "ऐश, तिने नऊ सांगितलीत. मी दगडावर आठ कोरली, तर माझ्या पणजीला मी खोटं पाडलं असं होईल."

"काय म्हणती रुतबाई?" आईने विचारलं. मी जे झालं ते मराठीत सांगितलं. तोंडातून 'अडाणी बाई' हे शब्दही गेले. आईने हातातली शेंग टोपलीत टाकली.

"अडाणी बाईला दुसरं काय येवो ना येवो आशे, आपली पोरं मोजता येत्यात."

हिने होस्टेलच्या साठ पोरींचं जेवण वही न ठेवता सांभाळलंय. कोण उपाशी राहिली, कुणाला ताप आहे, सगळं डोक्यात. आणि मी तिच्यासमोर बसून काय बोलले होते?

दगड कोरणाऱ्याला नावं शुक्रवारपर्यंत हवी होती. एकदा जमीन गोठली की दगड बसवता येत नाही, आणि वसंतात रूथ इथे नसणार होती. त्याआधीच्या रविवारी आम्ही तिघी कबरस्तान बघायला निघालो, एखादा लहान दगड नजरेतून सुटला असेल तर म्हणून. नेपरव्हिलहून पश्चिमेला सव्वा तास. मक्याची काढणी झालेली, चारी बाजूंना मैलभर नुसती सपाट मोकळी जमीन. मधे कुंपणात वीस-पंचवीस जुने दगड आणि एक मोठं ओकचं झाड. दुपारचे साडेबारा, लख्ख ऊन. आईचे गुडघे दुखत होते म्हणून तिला झाडाखाली फोल्डिंगची खुर्ची टाकून दिली. मी आणि रूथ शंभर पावलांवर दगड वाचत होतो. चाळीस-एक मिनिटं गेली असतील. लहान दगड काही सापडला नाही. रूथ थकून म्हणाली, "ठीक आहे. आठ." तिचा आवाज मला ऐकवेना.

परत आलो तर आई खुर्चीतून उठून रस्त्याकडे बघत होती.

"कुठं गेली गं ती?"

"कोण?"

"अगं, आत्ता बसली व्हती की इथं गवतात. लांब झगा, हातात कापडाची टोपी. पायाच्या भेगा बघून मलाच कसंतरी झालं."

मी सगळीकडे बघितलं. एकच रस्ता, त्यावर आमचीच गाडी. तिथे कुणी असतं तर आम्हाला दिसलं नसतं, असं होऊच शकत नाही.

"आई, तू तिच्याशी बोललीस? कुठल्या भाषेत?"

"बाईमाणसाला पोरं मोजाया भाषा लागती व्हय? तिनं इचारलं हातानं, किती? म्या म्हनलं, तीन. मग तिनं तिची मोजली. एका हातात टोपी, ती काय खाली ठीवंना. मग एका हाताची बोटं पुरंनात तिला. म्या म्हनलं, अशी न्हाई, पेरावर मोज. शिकीवलं तिला."

माझी आई हे सांगत होती अगदी होस्टेलच्या भाजीबद्दल सांगावं तसं. रूथ माझी बाही ओढत होती, काय म्हणते, काय म्हणते.

आईने उजवा हात पुढे केला. करंगळीच्या तळापासून अंगठा एकेका पेरावर ठेवत नावं घ्यायला लागली. थेरन. लुसी. एबेन... तिच्या पद्धतीने, बार्शीच्या उच्चारात, पण क्रमाने. रूथने तोंडावर हात ठेवला. शेजारच्या बोटाच्या टोकाच्या पेरावर, सहाव्या पेरावर, आईचा अंगठा थांबला.

"हितं लई येळ थांबली बिचारी. पेर दाबून धरलं व्हतं. मग हात असा केला," आईने मांडीच्या उंचीवर तळवा धरला, "आन् मग गळ्याला हात लावला. ओर्फा म्हनाली. तीनदा माझ्याकडनं म्हनून घेतलं, शाळेतल्यावानी. ओर्फा, ओर्फा, ओर्फा. चुकलं की मान हालवायची." मग पुढची तीन नावं म्हणून आई म्हणाली, "नऊ. झाली की बरोबर. आता लिहून घे. मला काय लिवता येतंय? तिलाबी येत नसंल."

मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं.

आता माझ्यातली स्टॅटिस्टिक्सवाली सांगते. आठ नावं मी पुरावा धरत नाही. रूथच्या टेबलावर आम्ही ती रोज मोठ्याने वाचत होतो, आणि आईची स्मरणशक्ती मला माहीत आहे. पण ओर्फा? हे नाव रूथने जन्मात ऐकलं नव्हतं. मी तर नाहीच. तिथल्या एकाही दगडावर नव्हतं, असतं तरी आईला वाचता आलं नसतं. वाटेतल्या एकुलत्या फार्मवर थांबून मी विचारलं. एक म्हातारे गृहस्थ ट्रॅक्टर पुसत होते. म्हणाले, "लांब झग्यातली बाई? इथे? मॅम, इथे तर पोस्टमनशिवाय कुणी येत नाही."

घरी आल्या आल्या लॅपटॉप उघडला. ओर्फा, हॅनाचं आडनाव, ती काउंटी, म्हणजे जिल्हा. १८७० — नाही. १८८० — नाही. आई चहा घेऊन मागे उभी.

"सापडली?"

"नाही गं. कुठल्याच यादीत नाही."

"यादी कुनाची हाय ही?"

"घरात राहणाऱ्या माणसांची."

"मग जिती मानसंच असत्याल त्यात. मेल्याली कुठं लिवत्यात तुमच्याकडं?"

मी कप खाली ठेवला. अहो, १८८० साली सेन्ससबरोबर एक वेगळी यादीही करायचे! आदल्या बारा महिन्यांत घरात कोण गेलं, त्याची. मृत्यूची यादी. मी तिच्याबद्दल वाचलं होतं, आणि विसरले होते. डिग्री माझी, प्रश्न आईचा.

विसाव्या मिनिटाला पान सापडलं. तिरकं, फिकट अक्षर. ओर्फा. मुलगी. वय चार. महिना फेब्रुवारी. कारण, घटसर्प. गळ्याचा आजार. आणि कुटुंबाचा क्रमांक तोच, जो हॅनाच्या घराचा. १८७० नंतर जन्मली, १८८० ची गणती व्हायच्या आधी गेली. दोन सेन्ससच्या मधल्या फटीत ती आली आणि गेली. वीस वर्षांनी दारात आलेल्या कुणा गणतीवाल्याने विचारलं, किती मुलांची आई? तेव्हा लिहिता न येणाऱ्या त्या बाईने तिला धरूनच आकडा सांगितला. आणि मी त्याला एंट्रीची चूक म्हणत होते.

रूथकडे धावत गेले. तिने तिचं लाल पेन काढलं, यादीतल्या पाचव्या आणि सहाव्या नावाच्या मधे एक खूण केली, आणि स्वतःच्या हाताने लिहिलं : ओर्फा. मग माझ्या आईला मिठी मारून रडली. आई तिच्या पाठीवर थोपटत मला म्हणाली, "सांग तिला, म्या काय केलं न्हाई. निरोप दिला नुसता."

जमीन गोठायच्या आत दगड बसला. आम्ही तिघी गेलो. रूथने नावं वाचली, आईने पेरांवर मोजली, आणि नवव्या पेरावर मान डोलावली. तिच्यासाठी विषय तिथेच संपला. परत बार्शीला गेल्यावर शेजारणींना तिने अमेरिकेतल्या भाज्यांचे भाव सांगितले, हे सांगितलंच नाही. मी फोनवर विचारलं तर म्हणाली, "त्यात सांगन्यासारखं काय? आई व्हती, पोरीचं नाव सांगून गेली."

मी मात्र अजून तिथेच आहे. कुणाला उन्हाने झालेला भास वाटेल, कुणाला योगायोग वाटेल. हे सगळं माझं स्वतःलाच सांगून झालंय, एकही उत्तर ओर्फा या नावापर्यंत पोचत नाही. रूथच्या कुटुंबासाठी मी एक स्प्रेडशीट केली. प्रत्येक नावापुढे शेवटचा रकाना 'माहिती कुठून मिळाली'. तो रिकामा सोडायचा नाही, हा माझ्या कामाचा नियम. ओर्फापुढे मी मृत्यूच्या यादीचं साल आणि पान लिहिलंय. पण यादी नंतर सापडली ना... नोंद खरी हवी. म्हणून त्याच्या वर आणखी एक ओळ आहे : 'हॅनाने स्वतः सांगितलं.'

शीट उघडली की दर वेळी वाटतं, ही ओळ काढावी. अजून काढलेली नाही.