बाटली रिकामी द्यायची नसते

आईच्या हातांचे सांधे आखडले तेव्हा मी सातवीत होते. सकाळी तिची बोटंच उघडायची नाहीत. कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसायची. आमचं शिनोलीचं घर, भाताची खाचरं, म्हशी आणि लहान बहीण. परीक्षेआधीच माझं दप्तर खुंटीला गेलं आणि परात पुढ्यात आली. कुणाला त्याचं वाईट वाटल्याचं आठवत नाही. भाकरी कुणीतरी थापायलाच हवी होती.

पुढं काही वर्षांनी मंचरच्या एका दवाखान्यात पुण्याहून एक डॉक्टरबाई यायला लागल्या. सांधेवाताच्या नव्या गोळीची चाचणी चाललीय, औषध फुकट, एसटीचं भाडंही देऊ, म्हणाल्या. आईला मावशी म्हणायच्या, खुर्चीवर बसवायच्या. आमच्याशी असं कुणी वागत नसे. आईनं अंगठा दिला.

"गुण आला तर गोळी बंद नाही ना होणार?" मी विचारलं. मला सगळ्याचीच धास्ती.

"मी आहे ना," बाई म्हणाल्या.

गुण आला. दिवाळीत आईनं परात माझ्याकडून ओढूनच घेतली. पहिली भाकरी तव्यावर टाकताना फाटली, तर मलाच म्हणाली, "बघत काय बसलीस, लाकडं सार." मी गोठ्यात जाऊन रडून आले. शेजारची काकू आईला म्हणाली, "आता कशाला पोरीला धरून ठिवलीय? हात आलं की तुझं." माघात सोयरीक जमली. मुलगा सुरतेला, कापडाच्या लूमवर कामाला.

गोळ्यांची बाटली दर महिन्याला परत न्यायची असे. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडं दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत जात नाही. शेजारून ताकाचा तांब्या आला तर जाताना त्यात मूठभर तांदूळ तरी जातातच. आईनं बाटलीलाही तेच लावलं. शेवटच्या दोन गोळ्या ती घ्यायचीच नाही, तशाच ठेवून बाटली द्यायची. लग्नाआधीच्या खेपेला बाईंनी ती आमच्यासमोर टेबलावर उलटी केली.

"मावशी, गोळ्या चुकवता?"

"न्हाई बाई. पर रिकामी कशी द्यायची? तुमच्या घरची वस्तू."

बाई हसत सुटल्या. "अहो, आम्हाला बाटली नको असते. किती गोळ्या उरल्या ते बघतो आम्ही."

"मंग आदी सांगायचं की," आई म्हणाली. "तांदूळ घातलं असतं त्यात."

"तांदूळ पिशवीतून आणा. बाटली रिकामी."

सगळेच हसलो. तरी निघताना मी विचारलं, यानं काही बिघडलं तर नाही? बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू निर्धास्त लग्न कर."

निर्धास्तच केलं. सुरतेला आले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ होता. रविवारी तिथून गावच्या किराणा दुकानात फोन लावायचा, माझे वडील, आण्णा, आधीच येऊन बसलेले असायचे. एका रविवारी ते म्हणाले, "नाव कमी केलं तिचं."

"कशानं?"

"मागच्या गोळ्या चुकवल्या म्हणं. त्यांच्या नियमात बसत न्हाई."

"बाईंना ठाऊक आहे की सगळं."

"बाई व्हत्या समोर. कागदात बघत व्हत्या. लई काम असतंय त्यास्नी."

ती गोळी दुकानात मिळत नव्हती. गौरी यायच्या आत आईची बोटं पुन्हा आखडली. परात बहिणीपुढं गेली. तीही सातवीतच होती.

आता टीव्हीवर नव्या औषधांच्या बातम्या असतात, सांध्यांच्या, साखरेच्या, कॅन्सरच्या. माझी मुलं कौतुकानं सांगतात, मीही ऐकते. ती गोळी पुढं निघाली का, कुणाच्या उपयोगी पडली का, मला माहीत नाही. बाईंचे उपकार मी नाकारत नाही. तेवढे महिने आईनं स्वतःची वेणी स्वतः घातली. पण त्यांना समजलं नव्हतं असं कुणी म्हणालं, तर ते मी मानणार नाही. त्या हसल्या होत्या.

नंतर आई एकदा फोनवर आली, तेव्हा मी चिडून विचारलं, तू काही बोलली का नाहीस?

"काय बोलू? नाव कमी केलं त्या खेपंला त्यांच्या सांगण्यावरनं बाटली पार रिकामी नेली व्हती. जल्मात पयल्यांदा. लई कसंतरी वाटलं."

"आणि तांदूळ?"

"पिशवीत व्हतं की." आई म्हणाली. "ते घेतलं त्यांनी."