एकाच कार्डावरची आई

सकाळी फोन वाजला आणि पलीकडून कुणी "भाऊ, कॉम्प्युटर चालू हाय का?" असं विचारलं, की मी समजतो, गावात कुणीतरी गेलं. नाव नंतर कळतं. आमच्या महाळुंगे पडवळला माणूस गेलं की आधी डॉक्टर, मग भावकी आणि मग मी, असा क्रमच लागून गेलाय. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागायचा असतो आणि त्याला समोरून काढलेला, डोळे नीट उघडे असलेला फोटो हवा असतो. तसा फोटो घरच्यांकडे कधीच नसतो. माझ्याकडे असतो, कारण साखरपुडा असो, जावळ असो, वास्तुशांत असो, मी टोमॅटोची बांधणी अर्धी टाकून कॅमेरा घेऊन हजर. हौस म्हणा, खोड म्हणा.

खरी खोड पुढेच आहे. घरी आल्यावर हातपाय धुवायच्या आधी मी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावतो. फोटो आधी कॉम्प्युटरमध्ये, मग टेबलाच्या खणातल्या हार्ड डिस्कवर, मग आणखी एका डिस्कवर. ही शेवटची डिस्क मढला, बहिणीच्या घरी. आमच्याकडे चोरी झाली, आग लागली, तरी तिकडे फोटो राहावेत म्हणून. मढचा पाऊस भिंतींना बुरशी आणतो, त्यामुळे बहीण ती डिस्क पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवते. मधूनमधून नारायणगावच्या जीपगाड्यांच्या गर्दीतून वाट काढत मी तिकडे जातो, तांदळात हात घालतो, नवे फोटो भरतो, चहा पितो आणि निघतो. आई म्हणते, "लोकं बहिणीला भेटाया जात्यात, ह्यो डबा उघडाया जातो."

फोटो उतरत असताना मला एका जागी बसवत नाही. पडद्यावरची हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटाला येते आणि नेमकी लाईट जाते. मग पुन्हा पहिल्यापासून. कार्ड मोकळं करण्याआधी मी फोटो उघडून बघतो, बंद करतो, परत उघडतो. कुलूप लावल्यावर चार वेळा ओढून बघणारी माणसं असतात, त्यातला मी. बायकोने बोलणं सोडून दिलंय.

हे असं मुळात नव्हतं. कॅमेरा नवीन घेतला तेव्हा मामेबहिणीच्या लग्नात मी आईवडिलांचा फोटो काढला होता. मांडवात दोन खुर्च्या शेजारी शेजारी, वडील पांढऱ्या टोपीत, आई हिरव्या लुगड्यात. दोघांचा एकत्र असा तो एकच. थोड्याच दिवसांत वडील गेले. चुलतभाऊ फ्लेक्ससाठी कार्ड घेऊन नारायणगावच्या एका स्टुडिओत धावला. स्टुडिओवाल्याने घाईघाईत कार्डावरचाच फोटो उघडला, त्यातून वडील कापून घेतले आणि त्याच फोटोवर सेव्ह केलं. मूळ फोटो गेला तो गेलाच. भिंतीवरच्या तसबिरीत आजही वडिलांच्या खांद्याला लागून बोटभर हिरवी पट्टी आहे. ती आई. आजही ती पट्टी दिसली की त्या स्टुडिओवाल्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटतो.

तेव्हापासून आईने फोटो काढू दिला नाही. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर आणि पाय घराच्या मागच्या दाराला. "तुझ्या त्या पेटीत गेलं का मानूस चौकातच निघतं," असं ती माझ्या कॉम्प्युटरबद्दल चारचौघांत सांगायची. लोक हसायचे. मला हसू यायचं नाही, कारण ती खोटं बोलत नव्हती.

आणि मग तिच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. पुण्याला न्यायचं होतं. मला ऑपरेशनची भीती होतीच, पण तिच्याखाली आणखी एक भीती होती आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. गावभराची तोंडं माझ्याकडे तीन-तीन जागी जपलेली आणि आईचा फोटो एकही नाही. मी तिच्या मागे लागलो.

"एकच काढू दे, आई."

"कशाला? फ्लेक्सला का?"

"हां, फ्लेक्सला!" मी ओरडलो. शब्द तोंडातून निसटून गेला. ती लसूण सोलत होती, सोलतच राहिली.

निघायच्या सकाळी गाडी दारात उभी होती. आई त्याच हिरव्या लुगड्यात बाहेर आली, अंगणात खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "काढ. आन् हसाया सांगू नगं." मी फोटो काढला. दुसरा काढायला गेलो तर ती उठून गाडीत बसलीसुद्धा.

तो फोटो मी उतरवून घेतला नाही. पुण्यात भाच्याकडे लॅपटॉप होता, तो दे म्हणाला, तरी नाही. मी नवस बोलणारा माणूस नाही, पण मनाने एकच धरलं होतं, फोटो त्या पेटीत गेला नाही तोवर आई चौकात जात नाही. आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, अरे, नखाएवढं कार्ड ते, हरवलं, खराब झालं तर? इकडे आड, तिकडे विहीर. दवाखान्याच्या बाकावर मी कॅमेऱ्याची बॅग मांडीवर घेऊन बसलो. सारखा चेनवर हात. नर्सने आवाज दिला तरी आधी चेन चाचपायची आणि मग उठायचं.

आई घरी आली. हिंडूफिरू लागली, तेव्हा एक दिवस माझ्या टेबलापाशी येऊन बसली. "माझा फोटू दाव. मोठा दाव, ह्या टीव्हीवर."

"अजून घातला नाय, आई."

"का रं?"

"भ्या वाटलं."

"मंग मी नटूनथटून बसले ती तुझ्या कॅमेऱ्याला दावाया का? घाल. त्येंच्या शेजारी घाल."

मी कार्ड लावलं. हिरवी पट्टी सरकली आणि त्या दिवशी लाईटने दगा दिला नाही. वडिलांच्या फोल्डरमध्ये इतकी वर्षं एकच फोटो होता, तिथे दुसरा येऊन बसला. दोन छोटे चौकोन, शेजारी शेजारी. त्यांच्या खांद्यापाशी ती हिरवी पट्टी आणि पलीकडे हिरव्या लुगड्यात आई.

ती पुढे वाकली. पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "मधी फट ऱ्हायली. जरा सरकव की."

"ती फट कॉम्प्युटरचीच असती, आई. ती जात नाय."

तिने दोन्ही फोटो पुन्हा एकदा पाहून घेतले. मग गुडघ्यावर हात टेकवून उठली.

"ऱ्हाऊ दे मंग," ती म्हणाली. "अजून मी हाय ना."