शिशी पायरीवर ठेव

"आडनाव काय म्हणालीस?"

मी पुन्हा सांगितलं. माईसाहेबांचा चेहरा बदलला नाही, फक्त त्या दोन पावलं मागे सरकल्या. क्षणापूर्वी याच बाई मला आत ओढत होत्या. "अगोबाई, मराठी बोलतेस? देवासात आता मराठी कान तृप्त करणारं कोण उरलंय. ये, आत ये, बैस." आत हाक मारून त्यांनी माझ्यासाठी पन्हं मागवलं होतं. ते पन्हं आलंच नाही.

मी नगर निगमच्या श्वान आश्रय केंद्राची प्रभारी. गावात त्याला कुत्ताघर म्हणतात. नोकरी संविदावर, म्हणजे कंत्राटी. दरवर्षी सहीसाठी साहेबांच्या दारात उभं राहायचं. भटकी कुत्री धरून आणायची, नसबंदी करायची, कानाला खाच पाडायची, आणि ज्या गल्लीतून उचलली त्याच गल्लीत परत सोडायची. उन्हाळ्यात घरोघरी जाऊन पाळीव कुत्र्यांना रेबीजची लस टोचायची. त्याच मोहिमेत मी माईसाहेबांच्या दारात पोचले होते. त्यांचं घराणं जुन्या दरबारातलं. दिवाणखान्यात पगडीवाल्यांच्या तसबिरी, आणि पोर्चमध्ये ब्रूनो नावाचा तांबूस लॅब्रेडोर.

मी बर्फाच्या डब्यातून शिशी काढली. ब्रूनोच्या मानेकडे हात नेला.

"थांब," माईसाहेब म्हणाल्या. "हात लावू नकोस त्याला. तो देवघरापर्यंत हिंडतो. शिशी पायरीवर ठेव. आमचा भेरूलाल टोचेल. तू कार्डावर सही कर आणि जा."

कुत्र्याला हात लावू नकोस. दिवसभर मी खरजेने सडलेली कुत्री मांडीवर घेते, आणि या बाईला माझ्या हाताने तिचं कुत्रं बाटेल असं वाटत होतं.

मी काय केलं? शिशी पायरीवर ठेवली. सुई ठेवली. कार्डावर सही केली, 'लस दिली' असं लिहून. कार्ड पायरीवरच ठेवायचं होतं. तेही ठेवलं.

माझे वडील धारमध्ये पालिकेत कुत्रे पकडणारे होते. लांब लोखंडी चिमटा घेऊन फिरायचे. आमचे पूर्वज दरबाराच्या मागोमाग दक्षिणेतून आले, दरबाराची मेलेली जनावरं ओढायला. त्यांची तसबीर कुठल्या भिंतीवर लागणार? वडील दुकानात गेले की पुडी ओट्यावर ठेवली जायची, आणि दुकानदार आत वळल्यावर ते ती उचलायचे. मला म्हणायचे, "बाई, आपण हात मागे घ्यायचा. वाद कशाला?" हात मागे घ्यायला मी अशी घरातच शिकले. डिप्लोमा झाला, प्रभारी झाले, तरी ते शिक्षण सुटलं नव्हतं.

पावसाळा गेला. दिवाळी झाली. थंडी पडायला लागली तेव्हा गावातल्या टेकडीच्या मागच्या वस्तीत मी एक खाचवाली कुत्री सोडायला गेले. नळावर लीलाबाई हंडा भरत होती. माईसाहेबांकडे भांडी घासते ती. उजव्या हाताला चिंधी बांधलेली, आणि चिंधीतून लाल पूड गळत होती.

"ये क्या हुआ, लीलाबाई?"

"कुछ नी मैडम. ब्रूनो ने मुँह मार दिया, परसों. मिरची भर दी थी."

मिरची. मालव्यात कुत्रं चावलं की अजून जखमेत मिरची भरतात. मी चिंधी सोडली. दोन खोल दात, हाडापर्यंत. विचारलं, इंजेक्शन घेतलं का.

"काय के लिए? माईसाब बोलीं, उसको टीका लगा हुआ है. कार्ड दिखाया मेरे को. किसी मैडम की साइन है उस पे."

टीका म्हणजे लस. ती सही माझी होती. तिला ठाऊक नव्हतं कोणाची सही. मी नळाखाली तिचा हात धरला, साबण मागवला आणि धूत बसले. मिरची माझ्याही बोटांना झोंबत होती. धुता धुता विचारलं, "ब्रूनो अभी कैसा है?"

"कोने में पड़ा रेता है. कल से आवाज बैठ गई उसकी. भौंकता है तो लगता है कोई और जिनावर है."

या धंद्यात माणूस पिसाळलेल्या कुत्र्याचा तो आवाज एकदा ऐकतो आणि विसरत नाही. लीलाबाईकडून नंबर घेऊन मी तिथूनच भेरूलालला फोन लावला. माईसाहेबांचा ड्रायव्हर, साधा माणूस. तो म्हणाला, "मेरे से नी हुआ मैडम. गुर्रा रिया था. शीशी वईं धूप में पड़ी रही, शाम को फेंक दी. माईसाब ने पूछा नी, मैंने बताया नी."

म्हणजे लस टोचलीच गेली नव्हती. टोचली असती तरी उन्हात तिचं पाणी झालं होतं. उन्हात ती खराब होणार, हे मला त्या दिवशीच माहीत होतं. बर्फाबाहेर शिशी ठेवायची नसते, हे मी दुसऱ्यांना शिकवते. तरी ठेवली, कारण मला त्या पायरीवरून लवकर निघायचं होतं.

मी लीलाबाईला म्हटलं, "वो साइन मेरी है. झूठी है. टीका नहीं लगा. अभी अस्पताल चलो."

तिने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तिने फक्त हंडा बाजूला ठेवला आणि चपला घातल्या.

जिल्हा रुग्णालयात जखमेत सीरम भरलं, लसीची पहिली सुई दिली. दोन दिवस वाया गेले होते. त्या दोन दिवसांत आत काय शिरलं असेल ते कोणीच सांगू शकत नव्हतं.

मग नगर निगममध्ये साहेब. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं. "रजिस्टर में लिख दो, आवारा कुत्ते ने काटा. घर बड़ा है. और कार्ड पे साइन तुम्हारी है, सोच लो."

तेवढ्यात माईसाहेबांचाच फोन आला, माझ्या मोबाइलवर. भेरूलालने सांगितलं असणार. त्यांनी आवाज चढवला नाही. "लीलाच्या मनात काय भरवतेस तू? सही तुझीच ना? मग तू खोटी की सही खोटी?"

"दोन्ही," मी म्हटलं. "आणि ब्रूनोपासून लांब राहा. सगळे."

संविदा मार्चमध्ये संपणार होती. तरी रजिस्टर ओढलं आणि साहेबांसमोर लिहिलं: पाळीव कुत्रा, लस दिलेली नाही, कार्डावरची सही माझी आणि चुकीची, कारण मला कुत्र्याला हात लावू दिला नाही. जातीमुळे. शेवटचा शब्द लिहिताना साहेब म्हणाले, "ये मत लिखो." मी तो दोनदा गिरवला.

त्याच संध्याकाळी ब्रूनोला उचलायला गेले. माईसाहेब पोर्चमध्ये उभ्या होत्या. या वेळी कोणी थांब म्हणालं नाही. त्याचा जबडा लोंबत होता, मागचे पाय ओढत होता, पोर्चमधली लाकडी खुर्ची चावून ठेवली होती. फास मीच टाकला. त्याची चूक नव्हती. मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं, अजूनही वाटतं. केंद्रातल्या वेगळ्या पिंजऱ्यात तो तिसऱ्या दिवशी मेला. तपासणीत रेबीजच निघाला.

मग ते अख्खं घर रुग्णालयात रांगेत बसलं, कारण ब्रूनो सगळ्यांचे हात चाटायचा. मी लीलाबाईच्या पुढच्या सुईसाठी तिथेच होते. माईसाहेबांनी बाही वर केली. सुई टोचणाऱ्या नर्सला त्यांनी आडनाव विचारलं नाही.

मला नोटीस आली आहे. खोटी सही, ते खरंच आहे. उत्तरात मी ते नाकारलेलं नाही. लीलाबाईच्या सगळ्या सुया झाल्या. आता वाट बघणं. ती रोज सकाळी फोनवर सांगते, "पानी पी लिया, मैडम." रेबीज झाला की पाणी गिळता येत नाही; ते गिळता आलं, एवढंच तिला मला कळवायचं असतं. ती हे कधीपर्यंत कळवेल, मला माहीत नाही. रोज सकाळी फोन वाजेपर्यंत मी चहा घेत नाही.

मार्च अजून यायचाय. ब्रूनोच्या प्रकरणामुळे गेल्या आठवड्यात माईसाहेबांच्याच कॉलनीत जादा लसीकरण होतं. एका फाटकावर एक गृहस्थ म्हणाले, "शीशी रख दो, हम लगवा लेंगे."

मी डबा उघडला नाही. "कुत्ते को बाहर लाइए," मी म्हटलं. "मैं पकड़ूँगी, मैं लगाऊँगी. नहीं तो कार्ड पे लिखूँगी कि इस घर ने मना किया, और क्यों किया."

ते साखळी धरून कुत्रा घेऊन आले. मी त्याच्या मानेवर पूर्ण हात ठेवला, कातडी चिमटीत धरली, लस टोचली, आणि मगच सही केली.