विहिरीपर्यंतची वाट

नौपाड्यात आमच्या शेजारी एक गृहस्थ एकटेच राहत. घर घेऊ पाहणारे लोक त्यांच्याकडे सल्ल्याला येत. किंमत राहू द्या, वाट कोणाच्या जागेतून जाते ते सांगा, असं ते म्हणत. "तोंडी परवानगी म्हणजे शेजाऱ्याची मर्जी. खतात लिहून घ्या." चहाचं विसरत, पण आलेल्याला लवकर उठू देत नसत.

एवढं घर झाडायचं कोणी, म्हणून त्यांनी ते विकायला काढलं आणि कल्याणला भाड्याची खोली ठरवली. खरेदीखताच्या मसुद्यात मात्र त्यांनी एक अट घातली: आमच्या दोन घरांच्या सामाईक विहिरीवर येण्याजाण्याचा आपला हक्क राहील.

"अहो काका, कल्याणहून इथं पाणी भरायला येणार?" घेणारा हसला.

"पाणी कशाला? नुसता येईन."

अट काढा, नाहीतर व्यवहार मोडला, असं घेणाऱ्यानं बजावलं. मी म्हणाले, "द्या हो सोडून. आमच्या अंगणातून या की केव्हाही."

"वहिनी, तुमच्याकडून आलो तर पाहुणा होईन," ते म्हणाले आणि त्या ओळीवर त्यांनी स्वतःच काट मारली.

त्यानंतर ते आमच्याकडे एकदाही आले नाहीत.