टाकीत औषध पडलं का?

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर कुणीच नसतं. चढावर सिमेंटची पाण्याची टाकी, तिला टेकलेली लोखंडी शिडी, शिडीच्या पायथ्याशी पत्र्याची खोली. खोलीत पाणी शुद्ध करायच्या पावडरीचं पोतं आणि उपडी घातलेली निळी बादली. कुंपणापलीकडे माझ्या भाड्याच्या खोलीची खिडकी. म्हणजे फुकटातली पहिली रांग म्हणा ना. खाली उतारावर गावातल्या नळांशी बादल्या आणि डबे ओळीनं लागलेत. सकाळचं पाणी सुटायला थोडा अवकाश आहे. आणि विंगेतून, चपला हातात घेऊन, धापा टाकत टाकीवहिनी प्रवेश करते.

मी दचकलोच. आत्ताच तर हात हलवून हिला निरोप दिला होता! हिच्या लेकीला डॉक्टरांनी आज दवाखान्यात दाखल व्हायला सांगितलेलं, पहिलंच बाळंतपण, जावई जीप घेऊन न्यायला आलेला. जीप वळणापर्यंत गेली आणि ही किंचाळली, ‘थांबवा!’

“राजे,” कुंपणाची तार धरून ती म्हणाली, “मी आज औषध टाकलं का हो?”

राजे म्हणजे मी. नाटकात राजांच्या भूमिका करायचो असं पहिल्या भेटीत फुशारकीनं सांगितलं होतं. ‘मग राज्य कुठंय?’ तिनं विचारलं. म्हटलं, पेटीत, कुलूप लावून ठेवलंय. ‘किल्ली माझ्याकडे द्या. मला किल्ल्या सांभाळायची सवय आहे.’ नवरा गेल्यावर तिनं हे काम धरलं, तेव्हापासून टाकीची किल्ली तिच्याच कमरेला होती. टाकी भरायची, पावडर बादलीत कालवून निवळ पाणी वर ओतायचं, ते टाकीत मुरू द्यायचं, मग नळ सोडायचे. एवढंच काम, पण तिची काळजी पाहिली तर वाटावं, सगळं गाव हिच्या पदरात निजलेलं बाळ आहे. नळ बंद केल्यावर दोनदा वळून पाहायची. माझ्या खोलीतला गॅस बंद केला का, हेही तीच विचारायची.

“टाकलंच असेल, वहिनी. रोज टाकता.”

“रोज टाकते म्हणूनच आठवत नाहीये! बादली कालवताना दिसतेय मला डोळ्यांसमोर. पण ते आजचं की कालचं?”

हे भय मला फार जवळून ठाऊक आहे. एकाच नाटकाचे ढीगभर प्रयोग झाले की भर रंगमंचावर असं होतं: हे वाक्य मी आत्ता म्हटलं, की कालच्या प्रयोगात म्हटलं? पण माझं वाक्य दोनदा गेलं तर प्रेक्षक हसतील. तिचं दोनदा गेलं तर?

तेही घडून गेलं होतं. तिच्या आधी टाकीवर कामाला असलेल्या माणसानं एकदा दुप्पट औषध टाकलं, पाण्याला भपकारा सुटला आणि अर्धं गाव हंगामभर पुन्हा ओढ्याचं पाणी प्यायला लागलं. त्यात पोरं जुलाबानं आडवी झाली. आणि अजिबात पडलं नसेल, तर ओढ्यात जे होतं तेच आज नळातून येणार. दोन्हीकडून मरणच.

“तपासायची बाटली आहे ना? थेंब टाकले की पिवळं होतं ते?”

“संपली. पाण्याच्या ऑफिसला किती वेळा सांगितलं. पुढच्या आठवड्यात, म्हणतात.”

नळ आले तेव्हा फीत कापायला माणसं मावत नव्हती, बाटल्यांचं अख्खं खोकं आलं होतं. शुभारंभाच्या प्रयोगाला सगळेच येतात हो. नंतरच्या रोजच्या प्रयोगाला दिवे कोण लावतं?

बादली पाहिली तर ओली. पण ती तर काम सुरू करायच्या आधीही धुते आणि नंतरही. पोतं कालच्यासारखंच दिसत होतं. तेवढ्यात जावई वर आला. “आई, पाणी सोडून द्या, टाकी परत भरा.”

“वीज संध्याकाळी येते, जावईबापू. तोवर गावानं काय प्यायचं?”

ती शिडी चढून गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन उतरली. स्वतः हुंगलं. पण वर्षानुवर्षं त्या पावडरीवर वाकून तिचं नाक मेलेलं. तांब्या माझ्याकडे आला. माझं नाक तरी कुठं जिवंत? मिशा चिकटवायच्या गोंदानं ते कधीच खाल्लंय. मग जावई. त्यानं हुंगलं आणि सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “येतोय... म्हणजे, नाही येत... आई, तुम्ही म्हणाल तसं.”

“नळावरच्या बायकांना विचारा,” मी म्हटलं.

“त्यांच्या नाकांना सवय झालीय. आणि विचारलं तर दुपारपर्यंत सगळ्या ओढ्यावर!” ती खाली बसली, लगेच उठली. “एकच नाक आहे गावात.”

ते नाक तिच्या धाकट्या दिराचं. हा शिंपी. टाकीच्या पाण्याचा उभा वैरी, औषधाचा वास त्याला अजूनही सोसत नाही. ‘वहिनी, हे पाणी प्यायचं की यानं फरशी पुसायची?’ असं चारचौघांत विचारणारा. त्याच्या हाती आपली चूक द्यायची म्हणजे गावभर दवंडीच. ती गेली मात्र. मीही काठी टेकत मागून गेलो.

शिवणयंत्रावरचे पाय थांबले. “वहिनी? अजून गेला नाहीत?”

“भावोजी, या पाण्याला वास येतो का सांगा. खरं सांगा.”

“का? टाकीत पडलं कोण?”

“कुणी नाही. काय पडलं, काय नाही, तेच मला आठवत नाहीये.”

त्यानं कात्री खाली ठेवली. “औषध विसरलात? आणि हे मी गावाला सांगितलं तर?”

“सांगा. आधी वास घ्या.”

त्यानं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग सरळ घोटच घेतला आणि त्याचा चेहरा फुलला. “झकास! वहिनी, किती वर्षांनी पाणी पाण्यासारखं लागलं! हेच सोडा, देव तुमचं भलं करो.”

टाकीवहिनीचा चेहरा पांढराफटक. माझा हात घट्ट धरून ती पुटपुटली, “राजे, खोटं तर बोलत नसतील?”

“एवढा आनंद खोटा आणता आला असता, तर हा गृहस्थ शिवणयंत्रावर बसला नसता,” मी म्हटलं.

मग ती धावली. पावडर, बादली, कालवणं, निवळ होईतो थांबणं, शिडी. शिंपीही मागोमाग आलेला; तो, जावई आणि मी खाली उभे. औषध पाण्यात मुरेपर्यंत नळ सोडता येत नव्हते आणि खालून आरडाओरडा सुरू झालेला. ती स्वतः रांगेपाशी गेली. मला वाटलं, मोटर बिघडली म्हणून सांगेल. तिनं सांगितलं, “औषध टाकायचं राहिलं होतं. माझ्याकडून. थांबा थोडं.”

“लेकीकडे जायच्या घाईत आम्हाला मारणार होतीस का गं?” एक म्हातारी कडाडली.

“होय गं मावशी.” एवढंच बोलून ती परत फिरली.

जावई घड्याळ बघून बघून घामाघूम झाला होता. दवाखान्यातून दोनदा फोन येऊन गेलेला. अखेर तिनं पुन्हा तांब्या भरून दिराच्या नाकाखाली धरला.

“शी! आलं तुमचं औषध,” तो म्हणाला.

“जास्त आहे का?”

“रोजच्याइतकंच घाण आहे.”

तिचे खांदे सैल पडले. नळ सुटले. तिच्या जागी ऑफिसचा माणूस उद्या येणार होता. पण ऑफिसच्याच म्हणण्याप्रमाणे ती बाटलीही पुढच्या आठवड्यात येणार होती. तिनं कमरेची किल्ली सोडली, दिराच्या तळहातावर ठेवली, बादलीत पावडर किती आणि ती कशी कालवायची ते दोनदा समजावलं.

“मला देताय? अहो, त्या वासानं माझा जीव जातो!”

“ठाऊक आहे.”

जीप सुरू झाली तरी ती खिडकीतून अर्धी बाहेर होती. “भावोजी, रोज तक्रार करा. ज्या दिवशी तक्रार करावीशी वाटणार नाही, त्या दिवशी नळ सोडू नका.” जीप वळणाला लागली, धुरळा उडाला, आणि त्यातूनही तिचा आवाज आलाच: “आणि फोन उचलत जा हो! मी सारखी करणार आहे!”