काकूंच्या उठाबशा

१. आज सकाळी इस्लामपूरजवळच्या मळ्यात रखमाकाकूंचा गुडघा तपासला. सूज नाही, दुखापत नाही. न हलवल्याने आखडला आहे.

२. खांबाला धरून बाजेवरून उठायचे आणि पुन्हा बसायचे, असा रोजचा व्यायाम सांगितला.

३. लढाईवरून रजेवर आलेल्या त्यांच्या मुलाने मला घराबाहेर काढले.

नर्स मैत्रिणींनो, त्या घरात म्हातारीला हलू न देणे हाच तिचा मान. सून पाणीसुद्धा बाजेपाशी आणून देते.

मुलगा म्हणाला, "आवं बाई, उठाबशा शाळेत पोरांना शिक्षा म्हणून देत्यात. गाव काय म्हणंल?"

मी म्हटले, "अशाच बसून राहिल्या, तर पुढे उचलून न्यावे लागेल."

आतून काकू कडाडल्या, "तुज्या पलटणीत रोज कवायत करत्यात, ती काय शिक्षा हाय व्हय रं?" आणि खांब धरून, दातओठ खात, त्या उठल्या. दारापर्यंत चालत आल्या.

तरी मुलगा मला पुन्हा येऊ नका म्हणाला.

मी गुरुवारी जाणार आहे. काकूंना विहिरीपर्यंत चालवायचे आहे. दुसऱ्या बाजूने धरायला कोणीतरी हवे. कोण येते, ते बुधवारपर्यंत कळवा.